साठ वॉट

सोत्कामोच्या पलीकडे, डांबरी रस्ता संपतो तिथं
हिल्काचं घर. घरामागं तळं.
मधे पंपाची खोपी,
माणूस वाकून शिरेल एवढी.
तिथं एक बल्ब,
ऑक्टोबर लागला की पेटणारा
आणि तळ्यावरचा बर्फ करकरायला लागला की विझणारा.
मधले सहा महिने
त्या उजेडात कुणी वाचत नाही,
कुणी जेवत नाही.

मी वायरमन. कमरेला पट्टा, पट्ट्यात टेस्टर,
डोक्यात नव्या कोर्सचे ताजे आकडे:
शंभरातले पाच उजेडाला,
पंच्याण्णव उष्णतेत वाया.

हातमोजा काढून, काचेजवळ बोट धरून
तिला समजावलं:
आत टंगस्टनची तार, केसाहून बारीक,
गुंडाळून पुन्हा गुंडाळलेली,
उलगडली तर हातभराहून लांब.
वीज तिच्यातून जाते, पण वाट अरुंद,
पावलोपावली अणूंशी खेटाखेटी.
त्या धक्काबुक्कीतच तार तापते,
आधी काळपट तांबडी, मग केशरी,
मग ही अशी, अडीच हजार अंशांची.
काचेत प्राणवायू ठेवलेलाच नाही,
म्हणून तिला जळता येत नाही,
नुसतं तापत राहावं लागतं.
हिल्का, हा दिवा नाही, ही शेगडी आहे,
उजेड हा तिचा जोडधंदा.

"हो," ती म्हणाली,
आमच्याकडची जुनी माणसं म्हणतात तसं
श्वास आत ओढून.

मी सात वॉटचा एलईडी लावला.
उजेड तेवढाच. घरी जाताना गाडीत
तिचे वर्षाचे किती कॉफीचे पुडे वाचतील
याचा हिशेब केला आणि शीळ घातली.

जानेवारीत उणे चौतीस.
पहाटे पाचला फोन:
"पाणी येत नाही."
एवढंच. पुढं माझं नाव नाही, ठपका नाही.

दोन तास गुडघ्यांवर बसून
केस वाळवायचं यंत्र पाइपावर फिरवत होतो.
डोक्यावर माझा बल्ब,
शहाणा, काटकसरी.
मुठीत धरला तर मूठ होती तशीच गार.

तेव्हा ती सांगायला लागली, दारातून,
वाफेचे ढग सोडत:
काउको होता तेव्हापासून
खोपीच्या फळीला एक फट आहे.
रात्री स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघायचं,
बर्फावर पिवळी पट्टी दिसली
की पाइपाला ऊब आहे, झोपायला हरकत नाही.
ते तुझे पाच टक्के
आम्हाला एवढ्यासाठीच लागायचे.
काल रात्रीही पट्टी होती.
जरा पांढरट वाटली.
मी झोपले.

माझ्याकडं काही बोलायला नव्हतं.

मग तिनं कोटाच्या खिशातून
काउकोचा लोकरी मोजा काढला,
मोज्यातून बल्ब.
दुकानातून हे नाहीसे होणार असं कळलं
त्याच आठवड्यात खोकंभर घेऊन ठेवले होते म्हणे.

"मग त्या दिवशी मला बोलली का नाहीस?"

"तू इतकं छान समजावत होतास."

मी बल्ब फिरवून बसवला. बटण.
तार एकदम जागी झाली,
आणि थोड्या वेळानं, खोपीच्या त्या कोंदट अंधारात,
माझ्या भुवईवरचा बर्फ
एक थेंब होऊन नाकावर आला.

साडेनऊला नळ खोकला.
आधी हवा, मग गंजाचं तांबडं पाणी,
ते तिनं मोरीत जाऊ दिलं
नि माझ्याकडं न बघता म्हणाली,
"हे बघ, हे वाया."
मग किटली खाली धरली.