प्रूफ

महालातल्या आमच्या प्रेसवर
त्या वर्षी दोन पुस्तिका एकदमच आल्या.
मुनघाटे सरांची केशरी कव्हराची:
पैसा स्वस्त केला सरकारनं, म्हणून फुगा फुगला;
आता हात लावू नका, ताप आपोआप उतरू द्या.
पिंपळापुरे मॅडमची निळी:
लोक खिसा आवळतात तेव्हा सरकारनं आपला सैल सोडावा,
आणि लगाम धरावा तेजीतच, घोडा पडल्यावर नाही.
हजार हजार प्रती. दोन्ही उधार.

मी प्रुफं वाचली.
मशीनवर मात्र 'पुष्पक विहार' चालू होतं,
चार रंग, आर्ट पेपर, वर विमान,
विमानाखाली बाग, बागेत झोका.
विमानतळापासून सात मिनिटं.
कशानं, ते फक्त शालिक निनावेनं विचारलं,
ज्यानं त्या पऱ्हाटीच्या रानात रेघा आखल्या होत्या.
"बाप्पा, सकाळी फक्की मारतो,
दुपारपर्यंत दोनदा विकल्या जाते जागा."
मग त्यानंही एक घेतला. हप्त्यानं.
स्वतःच मारलेल्या रेघांच्या आत.

पानठेल्यावर, स्टाफरूममध्ये, तेराव्याच्या पंगतीत
भाव चढत होता
आणि मी शाई भरत होतो.

एका मे महिन्यात फोन उचलणं थांबलं.
आर.एल. नाही, रस्ता नाही,
सातबाऱ्यावर तिसऱ्याच कुणाचं नाव.
नासुप्रच्या खिडकीशी रांग; आत कूलर, बाहेर सत्तेचाळीस.
आमच्याकडे जाहीर नोटिसा आल्या,
एकरंगी. पण रोख.

सर म्हणाले, मी लिहिलंच होतं.
मॅडम म्हणाल्या, मी लिहिलंच होतं.
होतं. पान सात आणि पान एकोणीस.

शालिक आता कूलर दुरुस्त करतो.
आमचा उघडला तेव्हा फ्लोट क्षारानं जाम.
"पाणी चढलं का बंद, उतरलं का चालू, इतकंच याचं काम.
पण खरडाव लागते दरसाली.
फ्लोट नको म्हणणारं गिऱ्हाईक नाही पाहिलं, भाऊ.
आहे म्हणून झोपून राहणारे लय पाहिले."
मी विचारलं, प्लॉटचं काय?
त्यानं फुंकर मारून नळी साफ केली.

दोन्ही पुस्तिकांचं बिल अजून बाकी आहे.

काल नवा मजकूर आला.
तेच विमान, खाली आता मेट्रो.
सात मिनिटं.
चष्मा पुसून दोनदा तपासलं:
शुद्धलेखनाची चूक एकही नाही.