टाकीचं पाणी

साताखिऱ्यात मोमेनाच्या दारातला हापसा
तोंड लाल रंगवून उभा आहे.
पाणी अजून गार, गोड, आर्सेनिकचं.

"आधी म्हणालात, तळ्यात पटकी आहे, भुईतलं प्या.
आता म्हणता, भुईत विष आहे, तळ्यातलं प्या.
एकदा काय ते ठरवा."
टाकी बांधणारा पोरगा गप्प.
वाळूतून, खडीतून पाणी उतरत राहतं,
त्याला कुणाला पटवायचं नसतं.

तळ्यात बदकं पोहतात,
काठावर तिचीच खरकटी भांडी.
त्या पाण्याचं तिला सगळं ठाऊक,
हीच तर अडचण.

रात्री तोफज्जलच्या तळहातावर उगवलेले खडे
तिच्या पाठीला लागतात.

शुक्रवारी तिनं न सांगता
टाकीच्या पाण्याचा चहा केला.
तो प्याला.
कपाच्या तळाशी बघत राहिला.
"साखर कमी पडली," म्हणाला.