चव्वेचाळीस लाख अक्षरं

देवगडच्या सरकारी दवाखान्यात, मागच्या खोलीत,
अकरा वर्षं मी थुंकी तपासतो.
काचपट्टीवर लाल रंग, खालून स्पिरिटचा जाळ,
मग आम्ल. बाकी सगळ्यांचा रंग उतरतो,
याचा नाही. हा मेणकापड पांघरून बसलेला.
निळ्या शेतात लाल काड्या:
मोजायच्या, वहीत लिहायच्या, हात धुवायचे.

गुणाजी तारी आणि सत्यवती तारी.
एकाच महिन्यात नवराबायकोच्या काचेवर काड्या,
दिसायला सारख्याच. मी शपथेवर सांगितलं असतं.
सासू म्हणाली, हिनाच हाडल्यान म्हायारसून.
निवतीला तिचा बाप असाच खोकत गेला होता.
वाडीनं मान डोलावली. वाडीला पुरावा लागत नाही.

नमुने पुण्याला गेले, कुठल्याशा अभ्यासासाठी.
तिथे अंडं घालून केलेल्या हिरव्या उतारावर
हा रुजायला सहा आठवडे घेतो.
तेवढ्यात तरवा दोनदा लावणीला येईल.

सत्यवतीला ताप लगेच चढला होता,
रात्री घामानं गोधडी पिळून निघायची.
तिच्या देहानं चोर ओळखला, आरडाओरडा केला,
आणि पेशीवर पेशी ठेवत गडगा घातला,
जांभ्याचा घालतात तसा,
मातीशिवाय, चुन्याशिवाय, नुसत्या दगडाला दगड धरून.
गुरं अडतात त्यानं. पाणी झिरपतं, ते वेगळं.

गुणाजीला काहीच नव्हतं.
वेरावळच्या ट्रॉलरवरून आला, जेवत होता, जाळं सांधत होता.
त्याचा जंतू आवाज न करणारा.
अंगावरचा एखादा मेद बदललेला,
पहाऱ्याला वाटावं, घरातलंच माणूस.
बोंब उठली तेव्हा डावं फुफ्फुस चाळण झालं होतं.
नळीत त्याचे जंतू एकमेकांना धरून
पिळत गेलेले, लांब, सुंभासारखे.
सुंभ जळला तरी पीळ जात नाही, म्हणतात.
माघ संपता संपता गुणाजी जळला,
पीळ पुण्याच्या शीतपेटीत शिल्लक आहे.

अहवाल आला तेराव्यानंतर.
एकेका जंतूची चव्वेचाळीस लाख अक्षरांची पोथी.
तिच्याकडून त्याला गेला असता
तर पाच-सात अक्षरं इकडची तिकडे झाली असती.
इथे हजारावर.
तिचा जुना, या किनाऱ्यानं गलबतांबरोबर फिरलेला,
भांडखोर, पण ओळखीचा.
त्याचा कुठेतरी लांब, मागून वेगळा झालेला.
त्या हजारांत ध चा मा नेमका कुठे झाला,
कोणत्या अक्षराशी धरावेचं मारावे झालं,
ते अहवालात नाही. त्यांनाही माहीत नसावं.

आणि सगळं अक्षरांच्या माथी मारू नये, एवढं मलाही कळतं.
डिझेलचा धूर होता. बर्फाच्या खणाशेजारी झोपणं होतं.
विडी होती. हंगाम बुडेल म्हणून
दोन महिने दवाखाना टाळणं होतं.
त्याला रकानाच नाही.

ती गोळ्या न्यायला आली तेव्हा सांगितलं.
"तेका माज्यापासून नाय मां?"
"नाय गे."
रडली नाही. गोळ्यांची पाकिटं मोजून पिशवीत टाकली.
दारापर्यंत जाऊन परत आली.
"सासयेक वाचूक येता. पण ह्या विंग्रजी.
मराठीत लिवन दियात."

कोऱ्या केसपेपरवर लिहिलं:
दोघांचे जंतू वेगळे. हिच्यामुळे त्याला झालेला नाही.
दोनदा वाचलं.
शेवटच्या शब्दावर बोट ठेवून पाहिलं,
ना चा काना, ही ची वेलांटी.
खाली शिक्का मारला,
आणि शाई वाळेपर्यंत कागद तिच्या हातात दिला नाही.
खिडकीतून खारं वारं येत होतं,
अक्षर पसरतं त्यानं.