नाडी

पहिल्या दिवशी त्यांनी तुझ्या सलवारीची नाडी काढून घेतली.
ओढणी. मंगळसूत्र.
केसांतल्या पिना, मोजून सात.
थोरात सिस्टरांनी सगळं एका पिशवीत घातलं,
वर लिहिलं संज्योत, मग बेड नंबर,
आणि वही माझ्यापुढे सरकवली.
मी सही केली.
मोठ्या फॉर्मवरची त्याआधीच केली होती.
तू बघत होतीस.

तेव्हापासून रात्री, कृत्तिका झोपली की
मी तुझ्या सलवारींत इलॅस्टिक ओवतो.
सेफ्टी पिन टोकाला अडकवायची, नेफ्यात घालायची,
बोटांनी चाचपत पुढे ढकलायची.
अर्ध्यावर कुठेतरी पिन उघडते.
पुन्हा पहिल्यापासून.

वर्गात कुणी वेडंवाकडं बोललं की आम्ही म्हणायचो,
'याला येरवड्याला पाठवा.'
कॉलेजात म्हणायचो, ऑफिसात म्हणायचो,
एकदा तुलाही म्हणालो होतो, भांडणात, हसत हसत.
आता रोज डेक्कनवरून बस धरतो
आणि स्टॉपचं नाव सांगताना आवाज आपोआप उतरतो.
'कुठं?' कंडक्टर मोठ्यानं विचारतो.
'येरवडा.'
शेजारची बाई खिडकीबाहेर बघायला लागते.
की आधीपासूनच बघत होती?

पळसुले काकूंना सांगितलंय, तू सांगलीला आहेस.
'इतके दिवस?'
'तिच्या आईची अँजिओप्लास्टी.'
तुझी आई ठणठणीत आहे. रोज रात्री फोन करते,
आधी तुझं विचारते, मग आम्ही जुळवून घेतो
किती ब्लॉकेज सांगायचे.

भेटीची वेळ चार ते पाच.
बाहेरच्या बाकावर खेडचे एक बाबा असतात.
भावासाठी पेरू आणतात, घरूनच चिरून.
'माझी अकरावी खेप. तुमची?'
'पहिली.'
'मग लिहून ठेवत जा. किती झोपली, काय बोलली.
आपल्याला वाटतं, राहील लक्षात. नाही राहत.'
अप्पा बळवंत चौकातून शंभर पानी वही आणली.

सोमवार. बोलली नाही.
मंगळवार. बोलली नाही. डबा उघडला.
गुरुवार. 'तू सही केलीस.'
शुक्रवार. 'तू सही केलीस.'
शनिवार. रक्त घेतलं, लिथियमसाठी. हात थरथरतो.
रविवार. कृत्तिकाचं चित्र बघितलं नाही. उशीखाली ठेवलं.

(बुधवारी मी गेलो नव्हतो.
तुला सांगितलं, मीटिंग होती.
घरीच होतो. पंखा बघत पडलो होतो.)

'हो, केली,' मी शेवटी म्हणालो.
याहून बरं उत्तर परतीच्या बसमध्ये सुचतं,
पूल ओलांडताना, रोज वेगळं.

लग्नाआधी तुझ्या मामांनी पत्रिका बघितली होती.
'एकनाडी आहे. नको.'
'म्हणजे काय होतं?' तू विचारलंस.
मामा नुसतेच चष्मा पुसत राहिले.
तळजाईच्या चढावर आपण किती हसलो होतो,
तू त्यांच्यासारखा चष्मा पुसून दाखवलास, चष्मा नसताना.
परवा ओवता ओवता ते आठवलं
आणि मामांचा राग आला नाही,
त्याचीच भीती वाटली.

आज तू गवारीची भाजी अर्धी खाल्लीस.
नवी सलवार उलगडलीस, इलॅस्टिक ताणून पाहिलंस.
'घट्ट झालंय,' म्हणालीस. 'एक बोट सैल ठेव.'
मी मान हलवली. बोलायची हिंमत झाली नाही.
मग सिस्टर आल्या. बीपीचं यंत्र दुसऱ्या वॉर्डात गेलेलं.
त्यांनी तुझं मनगट धरलं,
नजर भिंतीवरच्या घड्याळावर.
मीही मोजू लागलो, तुला हात न लावता,
तुझे की माझे कोण जाणे.
'ब्याऐंशी,' त्या म्हणाल्या.
मी शंभराच्या पुढे गेलो होतो.

रात्री वही उघडली.
मंगळवार, लिहिलं.
एक बोट सैल.