पाचापर्यंत

लोकेश सुट्टीवर आला तेव्हा ट्रंकेत
आईला अक्रोड, वहिनीला शाल,
आणि मला एक जळलेली मोटर.

अंगठ्याएवढी. रिमोटच्या गाडीतली.
वर, चौकीपाशी, ड्युटी संपली की
तो आणि कुणी थापा नावाचा पोरगा
ती बर्फात पळवायचे.
जागेचं नाव तो घेत नाही. ‘वर’ म्हणतो,
जसं आम्ही गच्चीला म्हणतो.

“ताई, बरफमा मोटर जयनी.
तठे उणे अठरा व्हतं. कशी काय जयनी?”

मी नाकाशी धरली.
जळक्या वार्निशचा तोच वास
जो आप्पांच्या सदऱ्याला शेवटपर्यंत होता
आणि आता माझ्या ओढणीला आहे.
कासोदा नाक्यावर अकरा वर्षं मी मोटरी भरते,
तीनच्या, पाचच्या, साडेसातच्या.
बोअरमधली मोटर जन्मभर
तीनशे फूट खाली गार पाण्यात उभी असते,
तरी मार्च लागला की
रोज दोन-तीन जळून वर येतात,
चिखलाने माखलेल्या, बैलगाडीत आडव्या.
थंडीचं मला नको सांगू, म्हटलं.
थंडी बाहेर असते.

खोलली.
पाणी शिरू नये म्हणून ह्या शहाण्याने
मोटरीच्या भोकांवर काळी टेप मारलेली,
वरून फुग्याचं रबर ओढलेलं,
तान्ह्याला कानटोपी घालावी तसं.
पिनियन मोठं, वेगाची हौस.
चाकं गाडीपेक्षा दांडगी,
त्यांना ओला बर्फ थापून थापून
एकेक चाक पावशेराचं व्हायचं, तोच सांगत होता,
आणि रुतली गाडी की
हे दोघे बटण दाबूनच धरायचे,
निघेल, आता निघेल.

“फिरती कमी जळते रे,” मी म्हटलं,
“अडलेली जळते.
करंट येतच राहतो, तिला हलता येत नाही.”

तो बुटाची नाडी बांधत बसला.
नाडी सुटलेली नव्हती.

काळं तांबं चिमट्याने उपसलं.
सत्तावीस वेढे होते तिथे पस्तीस भरले,
चष्म्यावर चष्मा लावून,
बाहेर दोन शेतकरी पंपासाठी खोळंबलेले.
पंधरा दात्यांचं पिनियन जळगावहून
एस.टी.च्या कंडक्टरच्या खिशातून आलं.
“पळणार नाही आता ती. चालेल.”
“थापा हसेल.”
“हसू दे.”

तपासायला बर्फ आणू कुठून?
मे महिना, पारोळा, चव्वेचाळीस अंश.
लोकेश म्हणे, शेजारी शिरसाठांच्या खोलीत
कापूस छतापर्यंत भरलाय, पांढराच तर आहे.
ब्रशची ठिणगी आणि कापूस!
फौजेत हेच शिकवतात का तुला?
तो हसला. ह्या सुट्टीत पहिल्यांदा,
असं आई नंतर म्हणाली; मला आठवत नाही.

संध्याकाळी बोरीच्या कोरड्या पात्रात गेलो.
गाडी वाळूत म्हशीसारखी चालली,
बाभळीच्या मुळीपाशी अडली,
आणि त्याने बटण सोडलं.
आपणहून.
मी आप्पांची रीत दाखवली:
मोटरीवर बोट ठेवायचं, मोजायचं.
पाचाच्या आत चटका बसला
तर पाणी पी, विडी ओढ, गप्पा मार, पण थांब.
आम्ही आळीपाळीने बोट ठेवलं.
त्याने अकरापर्यंत मोजलं आणि
बोट काढलंच नाही,
नदीत अंधार पडला तरी.

आता महिन्यातून एकदा फोन येतो.
तिकडचं काही सांगत नाही.
ताई, हातमोजा काढलाय, म्हणतो, ऐक.
आणि मोजायला लागतो.
मी दुकानात, हातात अर्धवट भरलेलं वायंडिंग,
मीही इथे मोजते,
एक, दोन, तीन,
सहाला बहुतेक वेळा रेंज जाते.