ना हरकत

निमजे बाबूंनी शिक्का आधी स्वतःच्या तळहातावर मारून पाहिला,
शाई आहे का म्हणून.
मग माझ्या अर्जावर.
'सदर विद्यार्थिनी अन्य संस्थेत गेल्यास
या महाविद्यालयाची काहीही हरकत नाही.'
काहीही.
चार सेमिस्टर, हिंगणा रोडची धूळ, वर्षाला बहात्तर हजार,
आणि कुणी मान वर करून विचारलं नाही
की काहून जातेस बाई.

त्याला आज एकवीस दिवस झाले.
पुण्याला सिव्हिलच्या तिसऱ्या वर्षात तीन जागा रिकाम्या आहेत,
हे कुठे छापलेलं नाही, आचलच्या मामेभावाने सांगितलं.
अर्ज किती आले ते देव जाणे
किंवा देवाच्या हाताखालचा एखादा निमजे बाबू.

रात्री वहीच्या पानावर मधोमध रेघ मारली.
पुण्याची बाजू भराभर भरली:
कंपन्या, पॅकेज, अकरापर्यंत उघडी लायब्ररी.
या बाजूला लिहायला घेतलं
तर सगळं फारच लहान निघालं.
वर्कशॉपमधले उइके काका
चांगला व्हर्नियर कपाटामागे लपवून ठेवतात, माझ्यासाठी.
हे कुठल्या रकान्यात टाकायचं?

मार्चमध्ये वानाडोंगरीच्या उतारावर
लेव्हलिंगचं प्रॅक्टिकल होतं.
साडेअकराचं ऊन, ट्रायपॉडला हात लावला की चटका.
आचल स्टाफ धरून उभी.
रजिस्टरात तिचं नाव चुकून 'अचल' लागलंय,
दुरुस्तीचा अर्ज तिने अजून दिलेला नाही.
भोयर सर लांबून ओरडत होते,
मशीन हलवा, खुशाल हलवा,
पण चेंज पॉइंटवरचा स्टाफ हलला
तर पुढची सगळी उंची खोटी!
मी ट्रायपॉड खांद्यावर टाकून पुढे गेले,
चाळीसेक पावलं असतील,
बुडबुडा मध्ये आणायला दहा मिनिटं घेतली,
आणि ती तिथेच,
तोंडाला स्कार्फ, डोळे बारीक,
जागा न सोडता स्टाफ तेवढा माझ्याकडे वळवलेला.
नव्या जागेवरून पहिलं वाचन
मागे पाहून घ्यायचं असतं.
एक पॉइंट चार शून्य पाच.
बाकीची वही मी कधीच विसरले.

अर्जाचं तिला सांगितलं ते मेट्रोत,
लोकमान्य नगर सुटल्यावर.
"जा नं बे," ती म्हणाली, "माही कायची हरकत."
मग झाशी राणी चौक येईपर्यंत
ती काचेतून बाहेर पाहत होती.
अंबाझरी कधीच मागे गेलं होतं,
बाहेर पाहण्यासारखं काही नव्हतं.

बाबा कूलरचे मेकॅनिक. सीझन संपला,
आता लोकांच्या कूलरमधलं गवत काढून देतात.
त्यांना विचारलं तर म्हणाले,
"नवं गवत टाकलं का हवा नवी झाली, असं गिऱ्हाइकाले वाटते.
पंप कोणी पाहतच नाही."
मला वाटलं, उत्तर मिळालं.
पण थोड्या वेळाने, पान्हा पुसता पुसता,
"कधी कधी गवतच सडलं राह्यते,
हेही खरं हाय म्हणा."

रोज पाच वाजता आचलचा मेसेज येतो:
लागली का?
मी 'नाही' लिहिते.
किती पटकन लिहून होतं ते,
आणि त्यानंतरचा चहा किती गोड लागतो,
हे मी त्या वहीत लिहिलेलं नाही.

आज सव्वापाच झाले. तिने विचारलं नाही.
म्हणजे लागली असावी.
फोन कठड्यावर सपाट ठेवलाय,
पान उघडता उघडत नाही,
मधोमध एक चक्र फिरतंय.
खालून बाबांची हाक,
"टॉर्च धर नं जराशी, टाकीत काही दिसत नाही.
हलू नको."
मी जाते. धरते.
उजेड पाण्यावर हलत राहतो.