मिठाला जागणं

ओस्त्रावाला समुद्र नाही.
जवळातला जवळ पोलंडपार, सहा-सात तास गाडीनं,
आणि तोही गारठलेला, राखाडी, यांच्या काही कामाचा नाही.
म्हणून बोहुमीर समुद्र बादलीत कालवतो:
दहा लिटर गाळीव पाण्याला साडेतीनशे ग्रॅम मीठ
आणि माझी लाकडी पळी,
जी मी परत मागितलेली नाही.

एकतीस वर्षं हा माणूस जमिनीखाली होता.
मग पंप बंद केले, खाली पाणी भरलं,
याला वर पाठवून दिलं: एक घड्याळ, एक खोकला,
आणि हेल्मेटवरचा दिवा, जो त्यानं जमाच केला नाही.

कोळंब्या दोन. लाल पाठीवर पांढरा पट्टा,
पांढऱ्या मिशा हलवत दगडाशी उभ्या,
न्हाव्याच्या दुकानासारख्या.
मासे येतात, आ वासून थांबतात,
या आत शिरून दात कोरतात.
यातला नर कोण, मी विचारलं.
दोघंही, तो म्हणाला. आणि आईही दोघं.
जी कात टाकेल तिच्या पोटाखाली त्या रात्री अंडी,
मग दुसरीची पाळी.
आपल्यात ही सोय असती तर, मी म्हणाले,
थोरलीला तू वाढवलं असतंस पोटात.
तो हसला, खोकला येईपर्यंत.

अंडी हिरवी होती, मग चंदेरी, आत डोळे.
त्या रात्री सगळे दिवे मालवून
त्यानं काचेच्या कोपऱ्याशी हेल्मेटचा दिवा धरला.
अंधारातून धूळ उठली.
खाली दिव्यात हीच दिसायची, तो कुजबुजला,
पण ती आमच्याकडे येत नसे, नुसती असायची.
ही येत होती. या धुळीला डोळे होते.
चहाच्या कपानं त्यानं ती गोल बुडाच्या बरणीत नेली.

पहिली खेप नवव्या दिवशी संपली.
दुसरी एकमेकांचे पाय खाऊन.
तिसरीला हवेचे बुडबुडेच फार जोराचे.
वहीत तो मेली असं लिहीत नाही.
लिहितो: वर आली नाहीत, तेहतीस.
त्यांच्यात तसंच म्हणत.
खालच्या कुबिचकोवाबाईंच्या छताला ओल आली.
मी त्यांना प्लमचा केक नेऊन दिला,
ओल काही गेली नाही.

चौथ्या खेपेला फुफ्फुसांनी त्यालाच आत घेतलं.
इस्पितळात निघताना आजाराबद्दल एक अक्षर नाही.
आर्टेमियाच्या बाटल्या हीटरपाशी आहेत, म्हणाला,
पहाटे तीनला गाळायच्या, तुझ्या नायलॉनच्या मोज्यातून.
खाल्ल्या मिठाला जागावं म्हणतात.
मी नुसतीच जागले.
सुपात मीठ घालायचं विसरले दोनदा,
इतकं ते सगळं तिकडेच गेलं.

त्यांचे पाय लांबले, टोकाला चपटे, वल्ह्यांसारखे.
शंभर दिवस, एकशे वीस.
कात टाकायची आणि पुन्हा तेवढीच.
सत्तर होती, मग अकरा,
मग मी मोजणं सोडलं.
रडले असं नाही,
पण बादली पालथी घालून तिच्यावर बसून राहिले बराच वेळ.

एकशे सेहेचाळिसावी रात्र.
दिवा धरला, दिव्याकडे कोणी आलं नाही.
संपलं म्हणून बरणी उपसायला हात घातला,
तर तळाशी, नखाएवढं,
लाल, पट्टा अजून कच्चा,
मिशा हलवत उभं.
अंगठ्याच्या नखाखाली कणीक राहिली होती,
ते ती कोरू लागलं.

पहाटे साडेतीनला इस्पितळात फोन कोणी उचलत नाही.
मी वही घेतली.
पेन्सिल त्याची, अक्षर माझं, वाकडं:
एक खाली उतरलं.
जिवंत.